स्नेअरचा आवाज सुधारण्यासाठी पान बदलावे की वायर? अनुभवी वादकांचा सल्ला हवा आहे

रंकाळावेस (धागाकर्ता)

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका हौशी वाद्यवृंदात गेली सहा वर्षे ड्रम वाजवतो. दोन वर्षांपूर्वी १४ इंच व्यासाचा, साडेपाच इंच खोलीचा आणि आठ लग (ताणाचे बोल्ट ज्यांत बसतात ते ड्रमच्या बाजूवरचे खुंटे) असलेला पोलादी स्नेअर, म्हणजे तळाला बारीक तारा बसवलेला ड्रम, मी वापरलेल्या स्थितीत विकत घेतला. त्याच्या आवाजाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या दूर करण्यासाठी मी आजवर बराच खर्च केला आहे.

पहिली तक्रार अशी की, जोरात ठोका मारला तर स्नेअर वाजतो, पण गझल किंवा भावगीतासाठी हात हलका केला की खालच्या वायर (तळाला बसवलेल्या त्या तारांचा संच) बोलतच नाहीत. रिकाम्या डब्यावर बोटे आपटावीत तसा नुसता ‘टप टप’ आवाज येतो. दुसरी तक्रार याच्या बरोबर उलट आहे. मी हात बांधून बसलेला असताना बेस गिटारवर काही ठरावीक स्वर वाजले की याच वायर आपोआप खरखरू लागतात. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात गेल्या महिन्यात आमचा कार्यक्रम झाला, तेव्हा एका संथ गाण्याच्या सुरुवातीला ही खरखर ध्वनिवर्धकातून सभागृहभर ऐकू गेली आणि मला अतिशय वाईट वाटले.

या दोन वर्षांत मी वरचे पान, म्हणजे काठी पडते तो ताणलेला पडदा, तीन वेळा बदलले. आधी साधे एकपदरी कोटेड (खडबडीत लेप दिलेले), नंतर दोनपदरी कोटेड आणि आता मध्यभागी ठिपका असलेले पान बसवले आहे. प्रत्येक वेळी आवाजात थोडा फरक पडला, पण मूळ दोष तसाच राहिला. आता २० तारांच्या वायर काढून ४२ तारांच्या बसवाव्यात, असा एका मित्राचा आग्रह आहे. त्याने खरोखर उपयोग होईल का? खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

साईडड्रम

आपण दोन्ही तक्रारी नेमक्या शब्दांत मांडल्या आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. तीन वेळा वरचे पान बदलूनही दोष राहिला, याचा अर्थ तो दोष वरच्या पानात नाही. आपल्या संपूर्ण निवेदनात खालच्या पानाचा एकदाही उल्लेख नाही, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे.

स्नेअर कसा वाजतो ते थोडक्यात सांगतो. काठी वरच्या पानावर पडली की आतली हवा दाबली जाते आणि ती हवा खालचे पान बाहेर ढकलते. त्या पानाला टेकून बसलेल्या वायर त्यामुळे क्षणभर उडतात आणि परत येऊन पानावर आपटतात. पान कंप पावत असेपर्यंत हे उडणे आणि आपटणे अतिशय वेगाने चालू राहते, आणि आपण ज्याला स्नेअरचा कडकपणा म्हणतो तो आवाज या आपटण्याचा असतो. हलक्या ठोक्यात हवेचा धक्काही हलका असतो. तेवढ्या धक्क्याने हलण्यासाठी खालचे पान फारच पातळ असावे लागते, आणि म्हणूनच ते वेगळे बनवले जाते.

किती पातळ, तेही आकड्यांत सांगतो, कारण इथेच पुष्कळ वादकांची फसगत होते. पानांची जाडी ‘मिल’ या मापात सांगतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. रेमोचे अ‍ॅम्बॅसॅडर किंवा इव्हान्सचे जी-१ ही वर लावण्याची नेहमीची एकपदरी पाने १० मिलची, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीची असतात. दोनपदरी पानांमध्ये साधारणपणे ७ मिलचे दोन पदर असतात. स्नेअरचे खालचे पान मात्र बहुधा ३ मिलचे असते. इव्हान्सच्या खालच्या पानांच्या २००, ३०० आणि ५०० या क्रमांकांतून अनुक्रमे २, ३ आणि ५ मिल हीच जाडी सांगितलेली असते. ३ मिल म्हणजे ०.०७६ मिलिमीटर, आपल्या छपाईचा साधा ए-४ कागदही याहून जाड असतो.

आता आपण एवढेच करा. स्नेअर उलटा करून मांडीवर घ्या, वायरचा खटका (वायर पानाला टेकवणारी किंवा सोडवणारी कळ) उघडा आणि वायर थोड्या बाजूला सारून खालच्या पानावर काय छापले आहे ते वाचा. अक्षरे पुसली असतील तर कडेजवळ नखाने हलकेच टिचकी मारा. खरे खालचे पान सेलोफेनसारखे चुरचुरीत बोलते, आणि जाड पानाचा आवाज भरीव, ढोबळ येतो. जे दिसेल ते इथे लिहा. तोपर्यंत वायर घेण्याची घाई करू नये, अशी विनंती आहे.

हलगीनाद

मी ड्रमवादक नाही. घरात हलगी आहे आणि लहानपणापासून खासबागेच्या कुस्त्यांना हलगी ऐकत आलो आहे. पान पातळ असण्याचा मुद्दा आम्हाला लगेच पटतो. हलगीचे कातडे जाड राहिले तर कितीही शेकले तरी ती मनासारखी बोलत नाही. एक शंका आहे. पावसाळ्यात आमचे कातडे ओल धरून सैल पडते आणि दर थोड्या वेळाने शेकोटीजवळ न्यावे लागते. स्नेअरच्या पानालाही कोल्हापूरच्या पावसाचा असा त्रास होतो का?

साईडड्रम

पूर्वी होत असे. स्नेअरलाही वासराचे कातडे लावत आणि वायरच्या जागी आतड्याच्या तारा असत, त्या काळी पाश्चात्त्य वादकांनाही हवा पाहूनच चाव्या फिरवाव्या लागत. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरची पाने बाजारात आली (रेमो कंपनी १९५७ सालची आहे) आणि हा त्रास जवळजवळ संपला. पॉलिएस्टर ओल धरत नाही. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांतही कृत्रिम पाने रुळली आहेत, त्यामागे हे एक कारण आहेच. पावसाळ्यात स्नेअरचे जे खराब होते ते म्हणजे वायर, कारण पोलादी तारांना गंज चढतो. त्याविषयी पुढे लिहीन.

रंकाळावेस (धागाकर्ता)

साईडड्रम साहेब, आपला संशय खरा ठरला. काल रात्री स्नेअर उलटा केला. वायरखाली धूळ साचली होती. ती मऊ कापडाने पुसल्यावर कडेला कंपनीचे चिन्ह आणि त्याखाली ‘क्लिअर’ एवढाच शब्द दिसला. स्नेअरच्या बाजूचे असल्याचा कुठलाही उल्लेख नाही. टिचकी मारली तर टॉमसारखा (संचातल्या वायर नसलेल्या ड्रमसारखा) भरीव आवाज आला. घरातल्या टॉमचे पारदर्शक पान शेजारी धरून पाहिले, तर जाडीत डोळ्यांना किंवा बोटांना काहीच फरक जाणवला नाही. म्हणजे टॉमवर लावायचे १० मिलचे पान माझ्या स्नेअरला खालून बसवलेले आहे.

हा स्नेअर घेतला तेव्हा दुकानदाराने ‘दोन्ही पाने नवीन टाकून दिली आहेत’ असे मोठ्या खात्रीने सांगितले होते आणि मीही त्यावर विश्वास ठेवला. पान नवीन होते हे खरे, पण ते या जागेचे नव्हते. दोन वर्षे मी वरच्या बाजूलाच पैसे घालत राहिलो, याचे फार वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट दिसली. वायरच्या २० तारांपैकी कडेची एक तार मध्येच वाकून पानापासून सुटली आहे. बोटाने दाबली की टेकते आणि सोडली की पुन्हा वर उचलते.

साईडड्रम

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ सापडले. जाड पान हलक्या ठोक्याला दाद देत नाही, म्हणून वायर गप्प राहतात. आपण ते पान फार ताणलेलेही नसणार, कारण १० मिलचे पान खूप वर नेले तर आवाज आणखी कोंडतो. असे जाड आणि मध्यम ताणलेले पान खालच्या स्वरात घुमते आणि बेसच्या स्वरांना चटकन साथ देते. उदाहरण द्यायचे तर बेसची उघडी जी तार सुमारे ९८ हर्ट्झवर वाजते आणि तिचा दुप्पट स्वर १९६ च्या आसपास येतो. स्नेअरचा मूळ स्वर अनेकदा याच परिसरात लागलेला असतो. त्यात वाकलेली तार सुटीच आहे. तिला खरखरायला निमित्तच पुरते.

आता ३ मिलचे पान घ्या. २ मिलचे आणखी संवेदनशील असते, पण नाजूकही असते, आणि पहिल्यांदाच स्वतः पान बसवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. ५ मिलचे पान कवायतीच्या पथकातील जोरकस वादनाला बरे. आपल्या भावगीतांना त्याचा उपयोग नाही.

बसवताना जुने पान काढल्यावर कवचाची (ड्रमच्या नळकांड्याची) कड स्वच्छ पुसून तिच्यावरून बोट फिरवा. समोरासमोर दोन ठिकाणी कड किंचित खाली गेलेली लागेल. तो दोष नाही. वायर पानाला सपाट टेकाव्यात म्हणून ते उतार मुद्दाम दिलेले असतात आणि वायरची दोन टोके नेमकी तिथेच यायला हवीत. सगळे बोल्ट आधी बोटांनी लागतील तेवढेच लावा. मग चावीने समोरासमोरच्या जोड्या घेऊन एका वेळी अर्धा फेरा या प्रमाणात ताणत जा. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत हलकी टिचकी मारून स्वर जुळवा. या पानाला उंच ताण लागतो, आणि इथे बहुतेक नवखे वादक भिऊन अर्ध्यावर थांबतात. माझी पद्धत सांगतो. वरच्या पानाचा बोल्टजवळचा स्वर षड्ज धरला, तर खालच्या पानाचा मध्यम किंवा पंचम लागेपर्यंत मी ताणतो. आपल्याकडे पेटी असेल तर ती शेजारी ठेवूनच हे काम करा. नवे पान पहिल्या रात्रीत थोडे उतरते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा जुळवावे लागेल.

वायरही बदला, पण २० तारांच्याच घ्या. ४२ तारांनी हलक्या ठोक्याचा प्रश्न सुटणार नव्हता. तारा वाढल्या की आवाजातला खरखरीचा भाग वाढतो, पोलादी कवचाचा खणखणीत स्वर त्याखाली दबतो, आणि बेसमुळे होणारी आपोआपची खरखरही वाढते.

उद्यमनगरी

पान बदलायला निघालाच आहात तर एक सूचना करतो. जुन्या स्नेअरचे बोल्ट उलगडताना एखादा अडकला तर पक्कड लावून जोर करू नका. माझ्या हातून तशी चूक झाली होती आणि लगच्या आतील आटे गेले. मी तो लग घेऊन शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्याकडे गेलो. काम चोख करणारा माणूस, पण त्याने सवयीप्रमाणे मेट्रिक टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) हातात घेतला. ड्रमच्या बहुतेक बोल्टांचे आटे अमेरिकी १२-२४ मापाचे असतात आणि ते मेट्रिकशी जुळत नाहीत. मी सोबत चांगला बोल्ट नमुना म्हणून नेला होता म्हणून त्याने आधी आटे मोजले आणि लग वाचला. कुणाला असे काम करून घ्यायचे असेल तर नमुन्याचा बोल्ट खिशात असू द्या. बोल्ट पुन्हा लावण्यापूर्वी आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

कडकदोर

बेसच्या खरखरीवर एक उपाय राहून गेला. वायरच्या दोन्ही टोकांना लागून असलेले चार बोल्ट थोडे सैल केले की खरखर पुष्कळ कमी होते. मी अनेक वर्षे असेच करतो.

साईडड्रम

हा उपाय प्रचलित आहे आणि काही स्नेअरवर तो चालतो हे मला मान्य आहे. पण आठ लगांच्या स्नेअरमध्ये चार बोल्ट सैल करणे म्हणजे निम्मे पान सैल करणे होय. ३ मिलच्या पानाला मग वायरच्या टोकांपाशी सुरकुत्या पडतात आणि नेमक्या त्याच जागी वायर नीट टेकत नाहीत. खरखर जाते, पण तिच्याबरोबर हलक्या ठोक्याची दादही जाते. धागाकर्त्यांची मुख्य गरज हलक्या वादनाची आहे. त्यामुळे त्यांनी आधी सर्व बोल्ट सारखे ठेवावेत आणि छोट्या टॉमचा स्वर थोडा वर किंवा खाली सरकवून पाहावा. अनेकदा बेसच्या जोडीला टॉमही वायरना हलवत असतो आणि ते आपल्या ध्यानात येत नाही. एवढे करूनही खरखर उरली तर फेऱ्याचा आठवा भाग इतकेच बोल्ट सैल करावेत.

कडकदोर

मी दहा लगांच्या स्नेअरवर, ५ मिलच्या पानाने वाजवतो. त्यामुळे माझा अनुभव वेगळा असू शकतो. आपले म्हणणे पटले.

रंकाळावेस (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. पुण्याहून ३ मिलचे पान आणि २० तारांच्या पोलादी वायर मागवल्या, आणि काल रविवारी दुपारभर बसून काम पूर्ण केले. जे जे घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल.

नवे पान हातात घेतल्यावर पहिल्यांदा भीतीच वाटली. उजेडासमोर धरले तर पलीकडची खिडकी स्पष्ट दिसते आणि नुसते हलवले तरी पतंगाच्या कागदासारखे फडफडते. कवचाच्या कडेवरचे दोन उतार बोटांना लागले. बोल्ट सांगितल्याप्रमाणे लावले. एका बोल्टला सुरुवातीचे दोन फेरे फार जड गेले, तेव्हा उद्यमनगरींचे शब्द आठवले. तो पूर्ण काढून, आटे पुसून, तेलाचा थेंब घालून पुन्हा लावला आणि तो अलगद बसला.

वहिनींची पेटी आणून शेजारी ठेवली. वरच्या पानाला षड्ज धरून खालचे पान मध्यमापर्यंत नेले. तिथवर नेताना दोन वेळा हात थांबला, कारण ताणताना पानातून बारीक कुरकुर ऐकू येत होती. पण पान फाटले नाही. अंगठ्याने मधोमध दाबले तर ते जेमतेम हलते.

वायर बसवायला मात्र पानापेक्षा जास्त वेळ लागला. पहिल्या खेपेला वायर एका बाजूला बोटभर सरकल्या आणि त्यांची धातूची पट्टी कवचाच्या कडेवर चढली. खटका लावला तर एका टोकाला तारा टेकत होत्या आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी होत्या. सगळे सोडून पुन्हा सुरुवात केली. ताणाचा स्क्रू मधल्या जागी आणला, खटक्याच्या समोरची बाजू आधी पक्की केली, दोन्ही टोकांपासून कडेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजून सारखे केले आणि मगच खटक्याची बाजू आवळली.

मग वरच्या पानाच्या मध्यभागी नुसत्या बोटाच्या पेराने टकटक केली. वायर बोलल्या. तिथून बोट कडेकडे नेत गेलो, तर अगदी रिमजवळही (पान धरून ठेवणाऱ्या धातूच्या कड्याजवळही) तांदूळ सुपात हलकेच पाखडल्यासारखी बारीक चुरचुर येत राहिली. दोन वर्षांत हा आवाज मी या स्नेअरमधून ऐकला नव्हता. आनंदाने घरातल्या सगळ्यांना बोलावून ऐकवले.

४२ तारांचा आग्रह करणारा मित्र संध्याकाळी स्वतःच्या वायर घेऊन आला, म्हणून त्याही लावून पाहिल्या. आवाज रुंद आणि भरदार येतो हे खरे आहे. मोठ्या मैदानावर, नाचाच्या गाण्यांना तो शोभेल. पण रोल (सलग वेगवान ठोके) वाजवताना ठोके वेगवेगळे न ऐकू येता एकमेकांत मिसळले. आमच्या गाण्यांसाठी २० तारांच्याच वायर ठेवल्या आहेत.

आता बेसविषयी. आमच्या बेसवादकाला बोलावून प्रत्येक स्वर सावकाश वाजवायला सांगितला. खरखर पूर्ण गेलेली नाही. पूर्वी चार-पाच स्वरांवर होत असे, ती आता एकाच स्वरावर आणि तीही पुष्कळ हलकी होते. छोट्या टॉमचा स्वर थोडा वर नेल्यावर तीसुद्धा ध्वनिवर्धकातून जाणार नाही इतकी कमी झाली.

दोन प्रश्न उरले आहेत. ठिपक्याचे वरचे पान आता ठेवावे की काढावे? आणि वायर बांधायला दोरी चांगली की प्लास्टिकची पट्टी?

साईडड्रम

आपले निवेदन वाचून मनापासून आनंद झाला. मध्यभागी ठिपका असलेले पान टिकाऊ असते आणि मधल्या ठोक्याला नेमकेपणा देते, पण कडेचा झंकार थोडा दाबते. आपल्याकडे पहिले एकपदरी कोटेड पान अजून असेल आणि त्याला मध्ये खळगा पडला नसेल, तर तेच परत लावून पाहा. संथ गीतांना आपण ब्रश वापरत असाल तर खडबडीत कोटिंग लागतेच. गुळगुळीत पृष्ठभागावर ब्रश फिरवल्याचा आवाज उमटत नाही. घणघण जास्त वाटली तर रिमजवळ जेलचा एक छोटा तुकडा पुरे. पानभर चिकटपट्ट्या लावू नयेत, कारण त्यांनी खालच्या पानापर्यंत जाणारा हलका धक्काही मरतो आणि आपण इतक्या कष्टाने मिळवलेली दाद पुन्हा हरवते.

बांधणीचे म्हणाल तर मी पट्टीच्या बाजूचा आहे. रुंद पट्टी दोन्ही कडांना सारखा ताण देते आणि वायर तिरकी होत नाही. दोरी वापरायची असेल तर ती न ताणणारी, पातळ आणि मजबूत घ्यावी. सुती दोरी नको, ती कार्यक्रमाच्या मध्यातच सैल पडते.

आणि वायर गरजेपेक्षा जास्त आवळू नका. खटका लावल्यावर स्क्रू आधी इतका सैल करा की तारा लोंबून खडखडतील. मग हलके ठोके मारत हळूहळू आवळत या. खडखड जाऊन आवाज स्वच्छ झाला त्या जागेपुढे फार तर अर्धा फेरा जावे. त्यापुढे गेलात तर तारा पानाला चिकटून बसतील आणि पुन्हा तोच ‘टप टप’ आवाज येईल.

हलगीनाद

पावसाळ्यातल्या गंजाचे सांगायचे राहिले आहे.

साईडड्रम

आठवण करून दिलीत, आभारी आहे. कार्यक्रम संपला की खटका उघडा न ठेवता, वायर पानाला टेकलेल्या अवस्थेतच स्नेअर पिशवीत ठेवावा, म्हणजे तारा कशात अडकून वाकत नाहीत. पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर या काळात ओली पिशवी कधीही तशीच बंद करून ठेवू नये. तारांना तेल लावण्याचा मोह मात्र टाळा. तेलावर धूळ बसते, ती वेटोळ्यांत अडकते आणि पातळ पानावर घासत राहते. कोरड्या मऊ रंगकामाच्या ब्रशने महिन्यातून एकदा झटकणे पुरेसे आहे. एखादी तार वाकलीच तर ती दोन्ही टोकांना धातूच्या पट्टीजवळून कटरने कापून टाकावी आणि समतोल राहावा म्हणून विरुद्ध कडेची तशीच एक तार कापावी. उरलेल्या १८ तारांवर स्नेअर व्यवस्थित वाजतो.

रंकाळावेस (धागाकर्ता)

जुन्या वायरवर आजच तसे करून पाहिले. वाकलेली तार आणि तिच्या समोरची तार कापली, आणि त्या १८ तारांच्या वायर आता जादा संच म्हणून पिशवीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. एकपदरी कोटेड पानही सापडले आणि त्याला खळगा नाही. शनिवारी राजारामपुरीत तालीम आहे, तेव्हा ते लावूनच जातो.